जेठा गड्डा

"ताई, ते जेठा गड्डा काढू का? आपल्या वाचकांना कळणार नाही. मातृकंद करतो."

१९९६ सालची गोष्ट. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंचा पीपी नंबर मी सगळ्या मासिकांना देऊन ठेवला होता, त्यामुळे संपादकीय विभागातून फोन आला की काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि मी हातातलं काम टाकून धावत जायचे. तर त्यांच्या हॉलमध्ये उभी राहून, समोर काकूंची पाहुणे मंडळी चहा पीत बसलेली असताना, मी त्या उपसंपादकाला हळदीचा गड्डा समजावून सांगत होते. की बाबा, जेठा म्हणजे थोरला. रोपाच्या बुडाशी मधोमध असतो तो जेठा गड्डा, त्याच्या बगलेला येतात ते बगल गड्डे, आणि त्यांच्यापासून बोटांसारखी फुटतात ती हळकुंडं. म्हणजे एक घरच असतं ते मातीखाली, त्यात थोरला कोण आणि धाकटे कोण हे नावातच सांगून टाकलंय. मातृकंद हा शब्द शेतीशास्त्राच्या पुस्तकात बरोबर आहे, चूक कोणीच म्हणत नाही, पण मी ज्या बाईशी बोलले तिने तो उभ्या जन्मात उच्चारलेला नाही आणि लेखात ती बोलतेय.

तो म्हणाला, मग वाचकाला कळणार कसं?

मी म्हटलं, मला एक वाक्य जास्त द्या. एकच. मी सांगते त्यात.

त्याने दिलं. लेख छापून आला, जेठा गड्डा जसाच्या तसा, आणि पुढचं एक वाक्य त्याची ओळख करून देणारं. लेखाचे मला चारशे रुपये मिळाले. पण त्या दिवशी जे मागायचं सुचलं ते मी पुढे तीस वर्षं मागत आलेय, मासिकांकडे, सरकारी समित्यांकडे, प्रकाशकांकडे. शब्द राहू द्या, मला एक वाक्याची जागा द्या.

फ्रीलान्स लिहिते म्हटलं की लोक विचारतात म्हणजे नक्की काय लिहिता. याचं उत्तर मला एका दमात देता येत नाही, कारण मी पाककृतींचं सदर लिहिलंय, सहकारी पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका केलीय, आकाशवाणीसाठी दहा-दहा मिनिटांच्या श्रुतिका, मुलांच्या मासिकात गोष्टी, कृषी पुरवण्यांत लेख, आरोग्याच्या पुस्तिका, दिवाळी अंकांत रिपोर्ताज, शब्दाला अमुक पैसे या दराने केलेले अनुवाद, तीन जणांच्या आत्मचरित्रांचं शब्दांकन, आणि माझं स्वतःचं म्हणावं असं एक पुस्तक. वरवर बघितलं तर याला काही दिशा दिसत नाही. मला मात्र ती एकच नोकरी वाटते. कोणीतरी आपलं काम आपल्या शब्दांत सांगतं आणि ते शब्द वाटेत न सांडता कागदापर्यंत नेऊन पोचवायचे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. आमच्या भागात मासिक ही लांबच्या शहरातून येणारी वस्तू नव्हती. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, आणि तिथल्या कारखान्याचं वार्तापत्र म्हणून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर आणि पंपांच्या कारखान्याचं वार्तापत्र, त्याचं वाढत वाढत अख्ख्या महाराष्ट्राचं मासिक झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. आजोबांनी या तिन्हींचे जुने अंक सुतळीने बांधून माळ्यावर ठेवले होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सगळे झोपले की मी ते गठ्ठे सोडून बसायचे. लहानपणी मला खरंच असं वाटायचं की लोखंड ओतणं आणि गोष्ट लिहिणं ही एकाच आवारातली कामं आहेत. अजूनही ते पूर्ण गेलेलं नाही डोक्यातून. यंत्रावरचा माणूस जे बोलतो त्याला छापील पानावर जागा असलीच पाहिजे ही जी माझी हट्टाची समजूत आहे तिचं मूळ त्या माळ्यावरच असणार.

पहिला लेख छापून आला १९९१ मध्ये, वय बावीस. मानधन दीडशे रुपये, चेकने, आणि माझं बँकेत खातंच नव्हतं म्हणून तो चेक वटवायला आधी खातं उघडावं लागलं. मग लग्न होऊन पुण्याला आले. नारायण पेठेत आणि शनिवार पेठेत तेव्हा वाड्यांच्या तळमजल्यावर छोटे छोटे प्रेस होते, लेख द्यायला गेलं की शाईचा आणि कागदाचा वास बोळातच यायचा. प्रूफं बघायला मी तिथेच शिकले, एका वयस्कर मुद्रितशोधकांच्या शेजारी बसून. ते वाक्य आधी तोंडाने वाचायचे, पुटपुटत, आणि मग पेन्सिल लावायची. म्हणायचे डोळा चुकतो, जिभेला अडलं की समजायचं इथे काहीतरी आहे. मी आजही प्रत्येक लेख पाठवण्याआधी मोठ्याने वाचते, घरातल्यांना सवय झालीय.

दिवाळी अंकांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मराठीत फ्रीलान्स लिहिणाऱ्याचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही, दिवाळी अंकाच्या पत्राने सुरू होतं. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तिथून ही जी प्रथा पडली ती शंभर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. मे-जूनमध्ये पत्र यायचं, आता व्हॉट्सॲप येतं, की यंदा अमुक विषयावर विभाग करतोय, आपला लेख जुलैअखेर हवा. दिवाळी अंकाचं वैशिष्ट्य म्हणजे तिथे लांबी मिळते. रोजच्या पेपरात आठशे शब्द, पुरवणीत बाराशे, पण दिवाळी अंकात चार हजार शब्दांचा रिपोर्ताज लिहायला मिळतो आणि त्यासाठी चार-चार वेळा एकाच गावाला जाता येतं. प्रवासखर्च धरला तर त्यात फार काही उरत नाही हे खरं आहे. पण माझं जे काही बरं लेखन आहे ते सगळं त्या लांबीत झालंय. येवल्याला पैठणीच्या मागावर बसून तिल्ली, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी, कशी फिरते ते दिवसभर बघितलं, ते त्याच लांबीसाठी. बांगडी मोर, मुनिया, आसावली ही काठापदरावरच्या नक्षीची नावं त्या विणकर दादांनी मला कापडावर बोट ठेवून एकेक करून शिकवली, आणि पुस्तकातून वाचलेलं नाव आणि बोटाखाली दिसलेलं नाव यात किती फरक असतो ते तिथे कळलं.

आणि हळद. हरिपूर सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. तिथे जमिनीत पेवं खणलेली असायची, तोंड अरुंद आणि आत उतरलं की मोठी खोली, वीस-पंचवीस फूट खोल. त्या विशिष्ट मातीत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही, आतल्या कोंडलेल्या हवेत जीव गुदमरतो, म्हणून तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, ज्योत टिकली तरच माणूस उतरणार. हे मला सांगणाऱ्या हमालमामांनी पेवाच्या आतल्या हवेला, भिंतीला, तळाला, प्रत्येकाला वेगळा शब्द वापरला होता आणि मी ते सगळे वहीत उतरवून घेतले. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं, पेवांमध्ये गेलं आणि कितीतरी पेवं कायमची निकामी झाली. गोदामं आली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आनंद झालाच, पण मनात आधी ती पेवं आली. पेव गेलं की त्यात उतरणाऱ्याचे शब्द कुठे वापरायचे, कोणाशी बोलायचे ते? माझ्या वहीत आहेत ते, पण वहीत असणं म्हणजे वापरात असणं नाही.

म्हणून मग मी शब्दकोश घ्यायला लागले. मोल्सवर्थचा कोश, पहिल्यांदा १८३१ मध्ये आला आणि दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड. दाते-कर्व्यांचा संच मी हप्त्याहप्त्याने जमवला, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना सांगून ठेवलं होतं. हे कोश चाळताना मला काय वाटतं सांगू? की शेतावर, मागावर, नावेत, भट्टीवर काम करणाऱ्यांचं बोलणं टिपून घ्यावं असं आपल्याआधी कितीतरी जणांना वाटलं आणि त्यांनी आयुष्यातली वर्षं त्यात घातली. नवीन गावाहून आले की मी आधी कोश उघडते. शब्द सापडला तर कोणीतरी भेटल्यासारखं होतं, नाही सापडला तर तो आणखी जपून लिहून ठेवते.

आता ज्या कामाने मला सगळ्यात जास्त घाबरवलं त्याबद्दल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी मराठीत साहित्य लागायला लागलं. माझ्याकडे एक पुस्तिका आली, इंग्रजीतून मराठी करायची, बाळंतपणातल्या धोक्याच्या खुणा. त्यात होतं की मूल जन्मल्यावर अर्ध्या तासात प्लासेंटा बाहेर पडला नाही तर बाईला ताबडतोब दवाखान्यात न्या. मी लिहिलं, वार पडली नाही तर. समितीने परत पाठवलं, वार खोडून अपरा केलेलं. मी परत वार केलं. त्यांनी परत अपरा. समितीतली माणसं वाईट नव्हती, शास्त्रीय पुस्तिका आहे तर शास्त्रीय शब्द हवा असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण मी तोपर्यंत सुईणीचं काम केलेल्या दोन म्हाताऱ्या बायांशी बोलले होते, त्यातल्या एकीने मला तिच्या सासूच्या काळातली हकीकत सांगितली होती, वार न पडल्यामुळे डोळ्यासमोर गेलेल्या बाईची, आणि सांगताना तिने तो शब्द ज्या पद्धतीने उच्चारला तो मला विसरता येत नव्हता. रात्री अकरा वाजता, अंगणात घाबरलेली माणसं उभी असताना, कंदिलाच्या किंवा टॉर्चच्या उजेडात कोणीतरी ते पान उघडणार आणि त्यावर अपरा लिहिलेलं असणार. ती बाई क्षणभर थांबणार. तो क्षण मला नको होता.

मी त्यांना भेटायला गेले, वेळ मागून. भांडले नाही. फक्त विनंती केली की ते वाक्य इथे बसलेल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने वाचावं, आपल्या घरातल्या एखाद्या बाईला रात्री फोनवर सांगतोय असं समजून. वाचलं त्यांनी. एक डॉक्टर बाई होत्या, त्या हळूच म्हणाल्या, मी सुद्धा पेशंटला वारच म्हणते. शेवटी मजकुरात वार राहिली आणि पहिल्या ठिकाणी एक वाक्य आलं की हिलाच पुस्तकात अपरा म्हणतात. त्या पुस्तिकेवर माझं नाव नाही. पैसे आठ महिन्यांनी आले, दहा टक्के टीडीएस कापून. माझ्या सगळ्या लेखनात मला जर कशाचा मनापासून अभिमान असेल तर त्या एका वाक्याचा.

मधल्या काळात अनुवाद खूप केले, मुलांची शिक्षणं चालू होती, ते करणं भाग होतं, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. एका मासिकाने दीड वर्षाचं सदर लिहून घेतलं आणि बंद पडलं, शेवटच्या सात हप्त्यांचं मानधन बुडालं. वाईट वाटलं, पण त्याहून वाईट याचं वाटलं की अंकाची फाइल कोणाकडेच पूर्ण राहिली नाही. त्याच सुमारास फॉन्टची अडचण सुरू झाली होती. मी श्रीलिपीत टाइप करायचे, पलीकडे दुसराच फॉन्ट, मग युनिकोड आलं, कन्व्हर्टर आले, आणि या सगळ्या उलथापालथीत पहिला बळी जायचा तो ऱ्य चा. वाऱ्यावर लिहिलेलं वार्यावर होऊन यायचं, दुसऱ्याचं दुसर्याचं. मी प्रत्येक प्रूफात तो अर्धा र शोधून शोधून परत बसवायचे. कोणी म्हणायचं एवढं काय त्यात, वाचणाऱ्याला समजतं. समजतं हो, पण तोंडाने वाचून बघा, वेगळं आहे ते.

शब्दांकनाची कामं उशिरा सुरू झाली. त्यातलं एसटीतल्या कंडक्टर काकांचं पुस्तक मला सगळ्यात जवळचं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, काका त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागले, पण बोलायचे असं की ती पहिली गाडीसुद्धा आपल्याच घरातली. चौतीस वर्षं नोकरी. मी पंधरा-सोळा बैठका केल्या, प्रत्येक वेळी दोन तास रेकॉर्डिंग. वेबिल, तिकिटांचा ट्रे, चिमटा, सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यावर ठरणारं भाडं, मुक्कामी गाडी आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत काढलेल्या थंडीच्या रात्री. ट्रेमधली तिकिटं अंधारात नुसत्या बोटाने मोजता यायची त्यांना. नंतर तिकिटाचं मशीन आलं आणि ट्रे गेला, पण बोलताना त्यांचा डावा हात अजून ट्रे धरल्यासारखाच असायचा, पोटाशी.

पुस्तक मुलाने हौसेने करायला घेतलं होतं, खर्च त्याचाच. पहिली तीन प्रकरणं वाचून त्याचा फोन आला. मॅडम, छान झालंय, पण भाषा जरा शुद्ध करता येईल का, म्हणजे वडिलांचं नाव होईल, लोक घरी ठेवतील, "गाडी फेल पडली" वगैरे बरं नाही वाटत. मला त्याचा राग आला नाही. आपल्या बापाला लोकांनी मान द्यावा एवढंच त्याचं मागणं होतं आणि मान शुद्ध भाषेतच मिळतो असं शाळेपासून सगळ्यांनी त्याला शिकवलेलं. मी म्हटलं, करून बघते. आणि खरंच एक प्रकरण तसं करून बघितलं, नीट, मन लावून, 'वाहनात तांत्रिक बिघाड झाल्याने'. मग दोघांना समोर बसवलं आणि दोन्ही वाचून दाखवली. आधी शुद्ध केलेलं. काका डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, चांगलं आहे, कुणाचं आहे हे?

मुलगा काही बोलला नाही.

मग मी दुसरं सुरू केलं, घाटात गाडी फेल पडली तिथून. दुसऱ्याच परिच्छेदात काका मध्ये बोलायला लागले, अहो त्या दिवशी आणखी एक झालं होतं, ते राहिलंच, आणि त्यांनी जे सांगितलं ते आधीच्या एकाही बैठकीत आलेलं नव्हतं. पहाटे तीनला गाडीतल्या एका म्हातारीने आपली भाकरी सगळ्यांत वाटली होती आणि काकांच्या वाट्याला आलेला तुकडा त्यांनी ड्रायव्हरला दिला, कारण त्याला गाडी खाली न्यायची होती. मुलगा वडिलांकडे बघत होता. जाताना मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, मॅडम, आहे तसंच ठेवा. पुस्तकात शेवटी 'डबल बेल' हा शब्द आला तेव्हा त्याला समजावणारं वाक्य मात्र मी घातलं नाही, एवढी पानं वाचून आलेल्या वाचकाला ते कळलेलं असणार होतं.

माझं स्वतःचं पुस्तक २०१४ मध्ये आलं, दिवाळी अंकांतल्या निवडक रिपोर्ताजांचं. हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के रॉयल्टी. सगळं ठरल्यावर प्रकाशकांनी सांगितलं की पानं जास्त होतायत, एक फर्मा कमी करावा लागेल, म्हणजे सोळा पानं, आणि शेवटची शब्दसूची बरोब्बर सोळा पानांची होती. कागदाचे भाव वाढलेले, त्यांचंही चूक नव्हतं. दोन दिवस विचार केला. मग मी म्हटलं पहिल्या आवृत्तीची रॉयल्टी मला नको, तो फर्मा राहू द्या. घरी यावरून थोडं बोलणं झालं, साहजिक आहे. पण सूची राहिली. हळद, माग, एसटी, सुईणीचं काम, आमच्या मावशीच्या तोंडचे स्वयंपाकाचे शब्द, गोळीबंद पाक आणि कडकडीत मोहन, सगळे अकारविल्हे एका रांगेत, प्रत्येकापुढे एकच वाक्य.

मागच्या महिन्यात हिंगोलीकडच्या एका मुलीचा फोन आला. पत्रकारितेचा कोर्स करतेय, त्यांच्या भागातल्या हळद शिजवणाऱ्या बायांवर प्रकल्प करतेय आणि कॉलेजच्या लायब्ररीत तिला माझं पुस्तक मिळालं. तिला विचारायचं होतं की जेठा गड्डा हा शब्द तिने लिहिला तर चालेल का, की सर मार्क कापतील. मी म्हटलं, तुमच्याकडे तोच शब्द आहे का पण? ती म्हणाली, हो, तोच असणार ना. मागून कोणीतरी काहीतरी बोललं, जरा चढ्या आवाजात. मी विचारलं, कोण आहे गं? म्हणाली, आजी आहे, काही नाही, ती म्हणतेय असं नसतं म्हणत आपल्यात.

मी वही ओढली, पेनचं टोपण काढलं आणि म्हटलं, फोन आजीकडे दे.